गुरुजी आडवे उभे राहतात

प्रिय ताई,

काल फोनवर मी नुसतं "गुरुजी" एवढंच म्हटलं आणि तू हसायला लागलीस. पुढचं ऐकलंसच नाहीस. "माकडा, तुझं खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते तुझं तुला तरी कळतं का? काय असेल ते लिहून दे, मग बघू," म्हणालीस आणि फोन ठेवलास. तर घे, लिहून देतोय. निबंध म्हटलं की माझं पोट दुखायचं आणि तूच आईला "याला ओवा दे" म्हणून सांगायचीस, तोच मी आज कुणी कान धरलेला नसताना कागद घेऊन बसलोय, यावरूनच काय ते समज. या पत्राचं काम एकच आहे. तू एकदा, फक्त एकदा, माझ्यावर विश्वास ठेवायचा. गोष्ट शेवटी तुझ्या दारापर्यंत येते, पण तिथूनच सुरुवात केली तर तू या कागदाचं विमान करून तुझ्या लेकीला, चिमणीला देशील. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुझं लग्न झालं त्याच वर्षी गुरुजी आपल्याकडे आले. तू त्यांना नीट बघितलंच नाहीस. बघण्यासारखं काही नाहीच म्हणा. तट्टूच ते, उंदराच्या रंगाचं, मान जाड, पोट सुटलेलं, ओठावर पांढऱ्या मिशीसारखे चार केस, आणि डोळे असे अर्धे मिटलेले की वर्गात पोरं गोंधळ घालतायत आणि आपण पेन्शनचा विचार करतोय. मीच नाव ठेवलं गुरुजी. मला न मारणारे आयुष्यातले हे एकमेव गुरुजी. बाबांनी त्यांना पैदाशीसाठी घेतलं तेव्हा आई म्हणाली होती, याच्यावर घोड्या आणणार कोण? आंधळी घोडी? बाबा नुसते हसले आणि मला हाक मारली.

कारण तुला माहीतच आहे, आपल्या पागेत नवा नर आला की त्याच्याजवळ घोडी जाण्याआधी मी जातो. साऱ्या घरात मला जमणारं हे एकच काम. बाबांनी लहानपणी मला मारून मारून थकल्यावर माझ्या उपद्व्यापांना नोकरी लावली. नराच्या तोंडासमोर फाडकन छत्री उघडायची. दगड भरलेला डबा पायाशी गडगडवत सोडायचा. आईचा जुना कोट उलटा डोक्यावरून घालून लंगडत यायचं. पोटाखालून रांगत जायचं, शेपटी ओढायची, तो खात असताना घमेलं काढून घ्यायचं. बाबा कुंपणावर बसून चहा पीत नुसते बघणार. घोडा दचकला तर चालतं त्यांना. दचकल्यावर तो काय करतो ते बघायचं असतं. लाथ झाडतो, चावतो, पळतो, का वळून बघतो की खाली कुणाचा पाय आहे.

तो हिरो नावाचा चंदेरी घोडा आठवतो ना, ज्याचा फोटो तू कपाटाला चिकटवला होतास? काय आयाळ, काय चाल! लोक रस्त्यात गाडी थांबवून बघायचे. माझ्या छत्रीला तो काहीच बोलला नाही. मी वळलो तेव्हा त्याने माझ्या पाठीचा शर्ट फाडला, आणि शर्टाबरोबर थोडा मी पण गेलो. बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवला. घेणारे रांगेत उभे होते तरी पाठवला. मी म्हटलं, अहो, एवढं देखणं जनावर. तर म्हणाले, "रूप बघायला चारचौघं असतात रे. स्वभावापाशी पोरगं एकटंच असतं. तट्टू घेतात ते पोरांसाठी. बापाची खोड शिंगरात उतरते, आणि शिंगरू जातं कुणाच्या तरी अंगणात, तिथे ना मी असतो ना तू. लेकराच्या हातात दोरी देऊन आईला आत जाऊन कुकर बंद करता आला पाहिजे. आपण तेवढंच विकतो."

गुरुजींनी माझ्या परीक्षेत काय केलं सांगू? छत्री उघडली तर छत्रीखाली येऊन उभे राहिले. डबा गडगडला तर पायाने थांबवला. कोट घालून गेलो तर कोटाचा खिसा हुंगून त्यातलं गाजर काढून खाल्लं. मी पोटाखालून रांगत गेलो तेव्हा एक माशी त्यांच्या पायावर बसली होती. कातडी नुसती थरथरत होती, पण मी पार बाहेर येईपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही. बाबांचा चहा गार झाला होता. तेव्हापासून लांबलांबून घोड्या येतात. गुरुजींची शिंगरं सगळी तशीच, बाळसेदार आणि समजूतदार. कुणी बागेत पोरांना घोड्यावर बसवून फोटो काढणाऱ्या फोटोवाल्याकडे गेलं, कुणी रायडिंगच्या शाळेत, आणि एक तुझ्याकडे आलं, चिमणीच्या वाढदिवसाला. गुरुजींचं पोरगं म्हणून त्याचं नाव मॉनिटर ठेवलं ते पण मीच. इथवर सगळं तुला माहीत आहे. आता माहीत नाही ते सांगतो.

या उन्हाळ्यात एक दिवस मी भरदुपारी चाऱ्याच्या खोलीकडे निघालो होतो. मोठ्या कुरणाच्या त्या टोकाला, पाण्याच्या हौदामागून जाते ना, ती पायवाट. मध्येच गुरुजी आडवे. मी डावीकडून गेलो, ते डावीकडे. मी उजवीकडून, तर उजवीकडे. मला वाटलं, वा, गुरुजींना पण खोड्या सुचायला लागल्या. खांद्याने ढकललं. हलले नाहीत. अंगावर आले नाहीत, रागावले नाहीत, नुसते उभे. मान खाली, डावा खांदा माझ्याकडे, आणि कान मागे. चिडलेल्या घोड्याचे कान डोक्याला चिकटतात, तसे नव्हे. सैल होते, आणि एकेक करून फिरत होते. मागे कुणीतरी उभं राहून हळूच काहीतरी सांगतंय आणि ते लक्ष देऊन ऐकतायत, असे. मी त्यांच्या पाठीवरून वाकून बघितलं. मागे काही नव्हतं. वाट, सुकलं गवत, पलीकडे खोलीचं दार. वारा नव्हता. मी छत्री आणली, डबा आणला, गाजरं आणली. गुरुजींनी गाजराकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मी गाजरं परत खिशात घातली, ताई. मी हसतच होतो, पण मागे फिरलो.

बाबांना बोलावून आणलं. बाबांनी त्यांच्या छातीला हात लावून "चल रे" म्हटलं तर गुरुजी बाजूला झाले. बाबा वाटेवरून चालत पलीकडे गेले, परत आले, मधोमध उभे राहून टाचा आपटून दाखवल्या. काही नाही. "तू त्याला छळतोस म्हणून तुला अडवतो," म्हणाले. मग मी निघालो, की गुरुजी पुन्हा आडवे! आईला जाऊ दिलं. नालबंदाला जाऊ दिलं, थोडे कुरकुरले पण दिलं. नालबंदाच्या पोरीला आणि मला नाही. ती आठ वर्षांची आहे. मी आईला म्हटलं, म्हणजे गुरुजींच्या हिशेबी मी अजून बालवाडीत. आई म्हणाली, त्यांचा हिशेब बरोबर आहे.

सगळे हसले आणि मीही हसलो. पण पुढच्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर कुरणात त्या वाटेवर गुरुजी एकटे नव्हते. या वर्षीची सगळी शिंगरं त्यांच्या बाजूला एका ओळीत आडवी उभी होती. ताई, त्यात एक इतकं लहान होतं की त्याला अजून नीट चरता येत नव्हतं. एरवी ही कारटी एक मिनिट एका जागी ठरत नाहीत. कुणी उडतंय, कुणी दुसऱ्याचं शेपूट चावतंय. आणि आता सगळी गप्प. सगळ्यांचा डावा खांदा घराकडे. सगळ्यांचे कान मागे, एकेक करून फिरणारे, आणि एकाचा फिरला की सगळ्यांचा फिरायचा. त्यांच्या आया लांब झाडाखाली उभ्या राहून ओरडत होत्या. एक जरी शिंगरू एरवीसारखं आईकडे पळत गेलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. आईने माझ्यामागून बघितलं, खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, ऊन फार आहे.

बाबा मात्र भडकले. त्यांचं म्हणणं तुला कळेल. नर अडेल झाला म्हणजे संपलं, शिंगरं त्याच्यासारखी अडेल निघणार. तेवढ्यात बागेतल्या फोटोवाल्याचा निरोप आला की तुमचं शिंगरू बिघडलंय. तिथल्या मोठ्या पाळण्याकडे जायच्या वाटेत आडवं उभं राहतं, पोरांना पुढे जाऊ देत नाही, गिऱ्हाईक तुटतंय, परत न्या. बाबांनी आपल्या ड्रायव्हरला गाडी घेऊन पाठवलं आणि डॉक्टरला फोन केला, गुरुजींना खच्ची करायला या म्हणून. जेवताना मी बोललो. म्हटलं, माझ्या परीक्षेत ते पास आहेत, नापास करायचं तर मी करणार, डॉक्टर कोण? बाबांनी ताटाकडे बघत सांगितलं, "ज्या नराच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही, त्याची पोरं मी लोकांच्या पोरांना देणार नाही." आता वाटतं, ते चुकीचं नव्हते बोलत. गुरुजींच्या मनात काय चालतं ते अजून कुणालाच कळलेलं नाही.

डॉक्टर आले त्या दिवशी गुरुजींना ठाणावर बांधलं होतं. मी घरात थांबलोच नाही. चाऱ्याचा हातगाडा घेतला आणि तडक त्या वाटेने निघालो, रागारागात, की बघू आता कोण अडवतं. शिंगरं आली. गुरुजी नाहीत तरी आली, धावत नाही, चालत, आणि ओळ केली. मी एकाला ढकललं की दुसरं त्या जागी. ते सगळ्यात लहान माझ्या गुडघ्याला टेकून उभं राहिलं, त्याचं काळीज धडधडत होतं ते मला पँटीतून कळत होतं. मी गाडा सोडला. वाटेला उतार आहे ना तिथे, गाडा त्यांच्या बाजूने घरंगळत पुढे गेला. जरा पुढे जाऊन थांबला. आणि मग तो खाली गेला. मोडला नाही, उलटला नाही, उभाच्या उभा जमिनीत गेला, जसं कुणी खालून हात धरून ओढून घ्यावं. शिंगरांच्या शेपट्यांमागे हातभर जमीन राहिली होती. मी ऐकत उभा राहिलो. ताई, एवढा लोखंडी गाडा, पण खाली पडल्याचा आवाज आला नाही. अजून आलेला नाही.

मग कान पुढे आले. सगळ्यांचे एकदम. अंग झाडलं आणि उड्या मारत आपापल्या आईकडे गेली, वर्ग सुटल्यासारखी. त्यांनी त्या भोकाकडे परत कधी बघितलं नाही. आणि आई सांगते, ती ठाणापाशी होती, डॉक्टर हातमोजे घालत होते. गुरुजी दोरीला ताण देऊन भिंतीकडे आडवे उभे होते, तसेच, कान मागे टाकून. एकदम त्यांनी अंग झाडलं, कान पुढे केले आणि डॉक्टरच्या पिशवीत गाजर आहे का बघायला लागले. तेवढ्यात माझी किंकाळी ऐकू आली. डॉक्टर भोक बघून पिशवी न उघडताच परत गेले. बाबांनी माती टाकायला लावली. ट्रॉलीवर ट्रॉली माती गेली तेव्हा कुठे ते भरलं. जुनी विहीर असेल, कुणीतरी फळ्या टाकून बुजवलेली, म्हणाले. पोकळ जमीन जनावराला टापेखाली कळते. मलाही ते पटलं. मला ते पटायला हवंच होतं.

पण मग ड्रायव्हर फोटोवाल्याचं शिंगरू घेऊन परत आला. आपला ड्रायव्हर कसा बोलघेवडा आहे तुला माहीत आहे, गाडीतून उतरायच्या आत त्याच्या तीन गोष्टी सांगून होतात. त्या दिवशी उतरला आणि नळाखाली डोकं धरून बसला. मी चहा दिला तो तसाच राहिला. शिंगराला गाडीत चढवायला चार माणसं लागली, म्हणाला. फोटोवाला शिव्या देत होता. मागे पोरं टाळ्या वाजवत होती, की वाट मोकळी झाली म्हणून. गाडी बागेच्या फाटकातून बाहेर पडली आणि मागे आवाज झाला. पाळण्याची एक पेटी सुटली होती. एक मूल अजून दवाखान्यात आहे. बाबा तिथेच उभे होते. मी त्यांना विचारलं, पाळणा काय पोकळ होता का? त्यांनी गुरुजींना खरारा करायला घेतला, आणि झाल्यावरही करतच राहिले.

आता तुझ्या दारात येतो. परवा तू आईला व्हिडिओ पाठवलास, वर लिहिलंस की तुमचा मॉनिटर फार शेफारलाय, मागच्या अंगणात आडवा उभा राहतो, चिमणीला भिंतीकडे खेळायला जाऊ देत नाही, आणि हे वैतागलेत, घेऊन जा एकदाचा. व्हिडिओत चिमणी दोन्ही हातांनी त्याला ढकलतेय आणि खिदळतेय, भावोजी मागून ओरडतायत. मागे त्यांनी स्वतः बांधलेली ती भिंत आहे, दोरीवर कपडे आहेत, आणखी काहीच नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. तू पण बघ. चिमणीकडे बघू नकोस, मॉनिटरच्या कानांकडे बघ. तो तुझ्याकडे आला तेव्हा नुकतंच दूध सुटलेलं पोर होतं. त्याने गुरुजींना असं उभं राहिलेलं कधी बघितलेलंच नाही.

आज सकाळी ड्रायव्हर मॉनिटरला आणायला तुझ्याकडे निघणार होता. बाबांनीच सांगितलं होतं, जावयाचा शब्द मोडायचा नाही म्हणून. गाडी सुरू झाली आणि गुरुजी फाटकात आडवे उभे राहिले. कुरणाचं कुंपण कसं ओलांडलं माहीत नाही, त्या पोटासकट. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाबांनी छातीला हात लावून "चल रे" म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते बाबांसाठीसुद्धा हलले नाहीत. कान मागे होते, तुझ्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे. बाबा बराच वेळ त्यांच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. मग त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि ड्रायव्हरकडे मोटरसायकलची किल्ली फेकली. तो मोटरसायकल ढकलत आला तर गुरुजी वाट देऊन बाजूला झाले. बाबा मला म्हणाले, "तुला काय लिहायचंय ते लिही. ती माझं ऐकेल, पण मला हे बोलता येणार नाही." म्हणून हे पत्र, ताई, आणि म्हणून ड्रायव्हर तुझ्या दारात गाडी न आणता, नुसतं हे पत्र घेऊन उभा आहे. मॉनिटरला तिथून हलवू नकोस. मारू नका, बांधू नका, भावोजींना रागावायचं असेल तर माझ्यावर रागवू देत. तो उभा आहे तोवर काही होणार नाही. चिमणीला घरात घे, पुढच्या खोलीत, आणि मागचं दार लाव. भिंत आहे, जमीन आहे की आणखी काही, ते मला माहीत नाही आणि तू बघायलाही जाऊ नकोस. खिडकीतून फक्त त्याचे कान बघत राहा. ते पुढे आले, त्याने अंग झाडलं आणि गाजर मागायला आला, की समज झालं. मग त्याला माझ्या वाटचं गाजर दे. आणि यातलं काहीच झालं नाही, माझी ही आजवरची सगळ्यात मोठी थाप निघाली, तर जन्मभर माझा फोन उचलू नकोस. मला चालेल. खरं सांगू, मला तेच हवंय.

तुझाच,
माकड